मृतांचे पंचनामे आणि जिवंतांची उपेक्षा

हिंगोली जिल्ह्याचे नाव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत येते ते बहुधा दोनच निमित्तांनी. एक वसमतच्या बाजारातील हळदीचा भाव आणि दुसरे शेतकऱ्याची आत्महत्या. पहिल्या बातमीत व्यापाऱ्यांना रस असतो. दुसरीने शासनयंत्रणा काही दिवस जागी होते. तलाठी येतो, पोलीस पंचनामा करतात, सातबारा आणि थकबाकीचा दाखला मागवला जातो, आणि जिल्हा पातळीवरची समिती त्या मृत्यूवर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का मारते. पात्र ठरलेल्या मृत्यूची सरकारी किंमत एक लाख रुपये. त्यांपैकी ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. सुमारे दोन दशके हा हिशेब असाच चालला आहे. मृत्यू मोजणारी, मृत्यूची छाननी करणारी, मृत्यूचे कागद रंगवणारी यंत्रणा या राज्याने तालुक्या-तालुक्यांत उभी केली. जगलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र त्या यंत्रणेच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

हा प्रश्न आज मांडायचा आहे तो प्रौढ शेतकऱ्याविषयी नसून त्याच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींविषयी. सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा तालुक्यातील एखादी शाळकरी मुलगी वा मुलगा स्वतःच्या देहाला इजा करून घेतो आणि वाचतो. त्यानंतर काय घडते? ग्रामीण रुग्णालयात जखम बांधली जाते किंवा जीव वाचवण्यापुरते उपचार होतात. पोलीस जबाब नोंदवतात. आईबाप घाबरून ‘नजरचुकीने झाले’ असे सांगतात, आणि हा एक शब्द डॉक्टर, पोलीस व कुटुंब या तिघांनाही सोयीचा असल्यामुळे तोच कागदावर कायम होतो. दोन-तीन दिवसांनी मूल घरी जाते. त्याच्या हातातल्या कार्डावर मलमपट्टीची पुढची तारीख असते. मनाच्या तपासणीची नसते. पुढच्या महिन्यात कोणी त्याच्या दारात जात नाही, सहा महिन्यांनी कोणी चौकशी करीत नाही. सरकारच्या लेखी प्रकरण मिटलेले असते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते तेव्हा नुकतेच सुरू झालेले असते.

ही अतिशयोक्ती नव्हे. फिनलंडमध्ये १९८७ साली जन्मलेल्या जवळजवळ ६० हजार मुलांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधकांनी ती अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत तपासल्या. वयाच्या अठराव्या वर्षाआधी स्वतःला इजा केल्यामुळे ज्यांना रुग्णालयात आणावे लागले होते, त्यांच्यापैकी सुमारे १३ टक्क्यांना पुढे वास्तवाचे भान सुटणारा तीव्र मनोविकार, म्हणजे डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात तो, जडल्याचे निदान झाले. ९ टक्क्यांहून अधिकांना उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा द्विध्रुवीय विकार झाला. इतर मुलांच्या तुलनेत हा धोका अनेक पटींनी मोठा होता. हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे. अशा मुलांपैकी बहुसंख्य मुलांना हे तीव्र विकार होत नाहीत. म्हणून स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कपाळावर ‘वेडा’ असा शिक्का मारणे हा अज्ञानाचा आणि क्रौर्याचा प्रकार होईल. परंतु ज्यांना पुढे हे आजार होतात त्यांपैकी कित्येकांनी किशोरवयातच स्वतःच्या देहावर त्याची खूण उमटवलेली असते, आणि ती खूण घेऊन ती मुले आपण होऊन सरकारी दवाखान्याच्या दारात आलेली असतात. आयुष्यात होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, हे आता मान्य झालेले सत्य आहे. तीव्र मनोविकाराचा उपचार जितका लांबतो तितका माणूस परत उभा राहण्याचा मार्ग अवघड होतो, हेही तितकेच मान्य आहे. म्हणजे निसर्गाने आपल्याला काही वर्षांची पूर्वसूचना दिलेली असते. ती सूचना आपण टाके घालून बंद करतो.

ती वर्षे रिकामी राहत नाहीत. सरकार जिथून पाय काढते तिथे दुसरे कोणीतरी पाय रोवते. मूल गप्प राहू लागले, रात्री जागू लागले, कानात आवाज येतात म्हणू लागले की शेजारीपाजारी ‘बाहेरचे झाले’ असे ठरवतात. मग देवऋषी, भगत, उतारा, अंगारा, अमावास्येच्या फेऱ्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर तो कायदा झाला. पण ज्या गावात मनोविकारतज्ज्ञ कधी पोहोचलाच नाही, तिथे भगताला तुरुंगात धाडण्याची भाषा करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे की त्या बापाने दुसरीकडे जायचे कुठे? तमिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा देश हळहळला. ते साखळदंड अंधश्रद्धेने बांधले होते हे खरे. पण त्या माणसांना तिथवर आणून सोडले होते ते उपचारांच्या अभावाने.

मुलींच्या वाट्याला याहून वेगळा ‘उपचार’ येतो. ‘लग्न करून द्या, ठिकाणावर येईल’, हा सल्ला मराठवाड्यात शिकलेली माणसेही देतात. ज्या जिल्ह्यात बालविवाहांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आहे, त्या जिल्ह्यात या सल्ल्याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही. मुलीचे नाव खराब होईल म्हणून आधी तिची शाळा सुटते, मग तिचे दुःख झाकून ते दुसऱ्या घरी रवाना केले जाते, आणि तिथे आजार उघड झाला की ‘फसवून गळ्यात बांधली’ असे म्हणून ती माहेरी परत पाठवली जाते. एका आजाराची तीन घरे उद्ध्वस्त करण्याची ही रीत आहे.

शासनाचे समर्थक म्हणतील की कायदा काय करणार? म्हणून कायद्याकडेही पाहू. जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला तुरुंगात टाकणारे भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम इंग्रजांनी आणले आणि स्वातंत्र्यानंतर आपण ते निष्ठेने जतन केले. त्यावर पहिला मोठा घाव घातला तो मुंबई उच्च न्यायालयाने. अपघातानंतर मनोविकाराने ग्रासलेल्या मुंबईच्या एका पोलीस शिपायाने महापालिकेच्या कार्यालयात जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला शिक्षेची नव्हे तर उपचाराची आवश्यकता असते, हा त्या निकालाचा गाभा होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच दिशा धरली. १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती उलटवली. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने मान्य केले की असा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र मानसिक ताणाखाली आहे असेच धरावे आणि तिला शिक्षा करू नये. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम राहिलेले नाही.

इथवर सारे ठीक. पण याच न्याय संहितेचे २२६ वे कलम पाहा. सरकारी अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करण्यास भाग पाडण्यासाठी वा त्यापासून रोखण्यासाठी केलेला असा प्रयत्न आजही गुन्हा आहे. म्हणजे १९८६ साली ज्या शिपायाला उच्च न्यायालयाने सोडवले, तो आज महापालिकेच्या त्याच दारात पुन्हा आरोपी ठरू शकतो! राज्यकर्त्यांची करुणा माणूस घरात एकटा मरत असतो तोवरच टिकते. तो कलेक्टर कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला की ती संपते.

आणि याहून महत्त्वाची बाब, जी आमच्या कित्येक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नाही. ११५ व्या कलमाचे दुसरे पोटकलम सांगते की अशा व्यक्तीला उपचार, देखभाल आणि पुनर्वसन पुरवून पुन्हा असा प्रसंग येण्याचा धोका कमी करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ‘करता आले तर’ असे त्यात म्हटलेले नाही. त्याच कायद्याचे १८ वे कलम प्रत्येकाला सरकारी खर्चाच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते. किमान सेवा उपलब्ध नसतील तर जिल्ह्यातील अन्य सेवा घेऊन तिचा खर्च सरकारवर टाकण्याची मुभा देते. मग दवाखान्यातून ‘नजरचुकीने’ असा शेरा घेऊन परत गेलेले प्रत्येक मूल म्हणजे या कायद्याचा एकेक भंग नव्हे काय? बापाचा कर्जाचा हप्ता चुकला तर नोटीस येते. सरकारचे कर्तव्य चुकले तर नोटीस कोणी द्यायची?

सरकारजवळ योजनांची यादी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. २०१५ साली मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन ताणाची प्राथमिक पाहणी करायची होती. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे, ती विनामूल्य आहे आणि प्रत्येक कार्यकर्त्याने हा क्रमांक पाठ करावा. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पण यादी म्हणजे सेवा नव्हे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. त्या पाहणीत आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. त्या खात्याच्या वहीत वाचलेल्या मुलांसाठी जागा नाही. तिथेही मोजणी प्रेतांचीच.

‘पैसा नाही, तज्ज्ञ नाहीत’ हे उत्तर आम्ही गेली चाळीस वर्षे ऐकत आहोत. हे उत्तर आता खोटे ठरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील पाच ठिकाणी, त्यांत आपले चेन्नईही होते, जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ व्यक्तींवर एक साधा प्रयोग केला. रुग्णालयातून सोडताना अर्ध्या लोकांशी तासभर नीट बोलणे, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा दूरध्वनीने वा प्रत्यक्ष भेटून विचारपूस करणे, इतकेच. ज्यांची विचारपूस झाली त्यांच्यापैकी दीड वर्षात आत्महत्येने दगावले ०.२ टक्के, ज्यांना नेहमीप्रमाणे नुसते घरी पाठवले त्यांच्यापैकी २.२ टक्के. २००८ साली हे निष्कर्ष छापून आले. आपल्या शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या बळावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले. विदर्भातील कापूस-सोयाबीनच्या गावात जे जमले ते हिंगोलीत का जमू नये? अट एकच. हे काम पुन्हा आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर फुकटात लादता कामा नये. तिला प्रशिक्षण, प्रवासखर्च आणि या कामाचा वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे. नाहीतर एका पिळल्या गेलेल्या स्त्रीच्या हातून दुसऱ्या पिळलेल्या जीवाची शुश्रूषा करवून घेण्याचा तो सरकारी कावा ठरेल.

आता आपल्याच घरात पाहू. आमचे काही जुने सहकारी म्हणतात, ‘ही शहरी मध्यमवर्गाची दुखणी आहेत. हमीभाव द्या, कर्ज माफ करा, मने आपोआप बरी होतील.’ या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो आम्ही मोठ्याने सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्या, असे मुख्यमंत्र्यांना कळवले आणि एकेका अवयवाचा दरही लिहून दिला. ज्या जिल्ह्यात बापांना आपल्या मूत्रपिंडाचा भाव ठरवावा लागतो, तिथल्या पोरांना देहाची किंमत काय वाटत असेल, याचा विचार अर्थशास्त्राला टाळून करताच येणार नाही.

पण उरलेला अर्धा भाग घातक आहे. आजार कोणालाही होतो, उपचार कोणाला मिळतो हा मात्र निखळ वर्गाचा प्रश्न आहे. पुण्याच्या मुलाला महिन्याभरात मनोविकारतज्ज्ञ भेटतो. कळमनुरीच्या आश्रमशाळेतील आंध आदिवासी मुलाला दहा वर्षांत भेटत नाही. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत जमीन गहाण टाकून पाठवलेला मुलगा खचून परत आला, तर त्याच्या आजारपणात उरलेली जमीनही जाते. तीव्र मनोविकार हा गरिबीचा परिणाम असेल वा नसेल, गरिबीचे कारण तर तो निश्चितच आहे. राममनोहर लोहियांनी सात क्रांत्या सांगितल्या आणि त्या सातही एकाच वेळी लढायच्या आहेत, एकीसाठी दुसरी थांबवायची नाही, असे बजावले. ‘आधी भाकरी, मग मन’ म्हणणारा लोहियांचा अनुयायी म्हणवून घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे, जरी ती कित्येकांना टोचेल. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपवली. आपल्या चळवळीने त्या मृत्यूला उदात्त शब्दांची वस्त्रे नेसवली; त्यांच्या हळवेपणाचे गोडवे गायिले. गुरुजींविषयीच्या भक्तीत आम्ही कोणाहून मागे नाही. पण त्या मनात साचलेल्या निराशेविषयी, आणि तिला वेळीच कोणाचा आधार व उपचार मिळाला असता तर काय झाले असते याविषयी, आम्ही फारच थोडे बोललो. अशा मृत्यूचा गौरव करणारी भाषा आणि ‘नजरचुकीने’ म्हणून तो झाकणारी भाषा या सख्ख्या बहिणी आहेत. दोघीही मदतीचा प्रश्न टाळतात. ज्या सेवा दलाच्या शाखांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना श्यामच्या गोष्टी सांगितल्या, त्या शाखांनी आता मुलांना हेही सांगावे की मन आजारी पडते, त्यात लाज नाही, आणि मदत मागणे हे धैर्याचे लक्षण आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. हिंगोली जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात, तसेच नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, स्वतःला इजा करून आलेल्या प्रत्येक मुलाची घरी सोडण्यापूर्वी मानसिक तपासणी व्हावी आणि पुढची तारीख लेखी दिली जावी. किमान दीड वर्ष त्याची विचारपूस करणारी व्यक्ती नेमली जावी, आणि ही सारी माहिती गुप्त राहावी. जिल्ह्यात अशा वाचलेल्यांची, नावे उघड न करता, नोंदवही ठेवली जावी. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा समाजसेवक असावा असे बंधनकारक केले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि खासगी शिकवणी वर्ग यांपैकी किती ठिकाणी त्याची अंमलबजावणी झाली, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावे. केंद्राच्या २०२२ च्या आत्महत्या-प्रतिबंध धोरणाने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामार्फत पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात यासाठी मनोविकार बाह्यरुग्ण विभाग उभारण्याचे ठरवले आहे. ती मुदत २०२७ मध्ये संपते. तोवर हिंगोलीत काय उभे राहते याचा हिशेब आपण घेणार आहोत.

कार्यकर्त्यांचे कामही तितकेच नेमके आहे. तालुक्याच्या रुग्णालयात जा, ११५ व्या आणि १८ व्या कलमाची प्रत अधीक्षकांच्या टेबलावर ठेवा आणि लेखी उत्तर मागा. माहितीच्या अधिकारात आकडे मागा. नावे मागू नका, कोणाच्या दारात फोटो काढू नका, कोणा मुलाच्या दुःखाचा फलक करू नका. गावात एखादे मूल स्वतःला इजा करीत असल्याचे कळले तर उपदेश न करता त्याचे ऐकून घ्या, त्याला एकटे सोडू नका, आणि आईबापांना सोबत घेऊन हिंगोली वा नांदेडच्या डॉक्टरांकडे स्वतः चला. भगताकडे जाणाऱ्या बापाला हिणवू नका. त्याला एसटीत आपल्या शेजारी बसवून दवाखान्यात न्या.

शासनाला मृतांचा पंचनामा परवडतो, कारण मृत माणूस दुसऱ्यांदा दारात येत नाही. वाचलेले मूल येते; पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, पंचविशीत पुन्हा येते. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे हा दयेचा प्रश्न नाही. २०१८ पासून तो देशाचा कायदा आहे. तो अमलात आणायला भाग पाडणे हे समाजवाद्यांचे काम आहे, आणि त्याची सुरुवात या आठवड्यात आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयापासून व्हावी.